नव्या संचात, पण गाणी काढून?

२०१९ च्या पुरात सांगलीत आमच्या गावभागातल्या घरी पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला आता भिंतीवर रेघ पण नाही, गेल्या दिवाळीला रंग दिला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर पाणी गेल्यावर तळमजल्यात काय शिल्लक राहणार, गाद्या, धान्याची कोठी, आईचं शिलाई मशीन, सगळं चिखलात. आणि कपाटाच्या खालच्या खणात बुटाच्या खोक्यात माझ्या ३१ सीडी. २००३ ते २००८ मध्ये जमवलेल्या गेम. त्यातल्या ३० पायरेटेड, हे आत्ताच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी उकरून काढायला नको. आईनं त्या ताटं घासल्यासारख्या साबणानं धुतल्या आणि गच्चीवर चादर टाकून पापडासारख्या वाळत घातल्या. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "अगं हे पण लिही की पंचनाम्यात."

हे आठवायचं कारण म्हणजे भाचा. साताऱ्याला असतो, अकरावीत आहे, मे महिन्यात आला होता. म्हणाला, "मामा, मला व्हाईस सिटी जुनीच खेळायचीय, नवीनमध्ये तू सांगतोस ती गाणीच नाहीत." आता ती गेम अठरा वर्षांवरच्यांची आहे आणि ह्याला अठरा व्हायला अजून वेळ आहे, ताईला कळलं तर माझंच काही खरं नाही, पण पोराचा मुद्दा बरोबर होता. आणि त्या मुद्द्यावर मला बरंच बोलायचंय.

आमची व्हाईस सिटी म्हणजे विश्रामबागेतला एक सायबर कॅफे, २० रुपये तास, तिघांत एक खुर्ची. एकजण माऊस, एकजण कीबोर्ड, आणि तिसरा वहीच्या शेवटच्या पानावरून चीट कोड वाचणारा. तिसरा मी. 'पँझर' टाइप केलं की रणगाडा समोर हजर, 'लीव्हमीअलोन' टाइप केलं की मागं लागलेले पोलीस गायब. मिशन कुणी खेळलंच नाही, स्टोरी काय आहे ते मला पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. गाडीत बसायचं, रेडिओ लावायचा, समुद्राकडेच्या रस्त्यानं फिरायचं बस्स. सांगलीच्या पोरांना कृष्णेचा घाट सोडून दुसरं पाणी तिथंच दिसायचं. आणि तो रेडिओ, ऐंशीच्या दशकातली अमेरिकन गाणी, एकाचा पण शब्द कळत नव्हता तरी पाठ होती.

तर २०२१ च्या नोव्हेंबरात ही गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं जीटीए थ्री, व्हाईस सिटी आणि सॅन अँड्रियास ह्या तिन्ही एकत्र करून 'डेफिनिटिव्ह एडिशन' म्हणून नव्यानं विकायला काढल्या. डेफिनिटिव्ह म्हणजे काय तर अंतिम, प्रमाण आवृत्ती. प्रत्यक्षात पाऊस पडला की स्क्रीनवर पांढऱ्या रेघोट्या, समोरचं काही दिसेना. माणसांचे चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे. दुकानांच्या पाट्या ऑटोमॅटिक मोठ्या केल्या त्यात स्पेलिंग चुकलेली. पीसीवर तर सुरुवातीचे काही दिवस गेम विक्रीतूनच काढून घ्यायला लागली. होतं असं, नवीन गेममध्ये बग असतात, त्याचं मला एवढं काही नाही. राग ह्याचा, की ही नवी आणायच्या आधी जुन्या तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून उचलल्या. म्हणजे नवीन नको असेल तर जुनी घे, हा रस्ताच बंद. लोकांनी एवढ्या बोंबा मारल्या की आठवड्याभरात कंपनीनं माफी मागितली आणि पीसीसाठी जुन्या गेम आपल्या स्टोअरवर परत ठेवल्या. म्हणजे ठेवता येत होत्या! कसली टेक्निकल अडचण नव्हती, काही नाही. पुढं २०२४ च्या नोव्हेंबरात एक मोठं पॅच, म्हणजे दुरुस्ती, आलं, जुन्यासारखा प्रकाश परत आणला, आणि ज्या स्टुडिओनं काम केलं होतं त्याचं नावच सुरुवातीच्या स्क्रीनवरून गेलं.

आणि नव्या आवृत्तीतून गाळलेली गाणी? ती काही परत आली नाहीत. गाण्याचं लायसन्स ठराविक मुदतीचं असतं, मुदत संपली की परत पैसे मोजायला लागतात नाहीतर गाणं काढायला लागतं. कंपनीनं काढलं.

आता मी सांगलीचा माणूस, मला ह्यात पहिलं नाटकच आठवणार. आमच्याकडं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तेव्हापासून नाटक हा गावाचा धंदा. जाहिरातीत नेहमी लिहिलेलं असतं बघा, 'नव्या संचात'. जुनं नाटक, नवीन नटमंडळी, कधीकधी नवा दिग्दर्शक. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. देवलांची शारदा, १८९९ ची, आणि देवल म्हणजे शेजारच्या हरिपूरचे, ती आजवर कितीजणांनी किती संचात केली असेल. पूर्वी रात्रभर चालणारी संगीत नाटकं आता तीन तासांत बसवतात, पदं कमी करतात, काही प्रवेश गाळतात. म्हातारे लोक भावे नाट्यमंदिराबाहेर चहा पिताना शिव्या घालतात, "अमुक पद नाही म्हणजे काय नाटक झालं का ते." पण शिव्या घालता येतात कशामुळं? संहिता छापलेली आहे म्हणून. वाचनालयात जा, देवलांनी लिहिलेलं पदनपद सापडतं. नव्या संचानं कितीही कापाकापी केली तरी जुनं पुस्तक जाळून कुणी प्रयोग लावत नाही.

गेममध्ये नेमकं तेच करतात. नवा संच येणार म्हटलं की आधी जुनी संहिता कपाटात टाकून किल्ली खिशात.

माझं म्हणणं एवढंच आहे. कंपन्यांनो, जुन्या गेमचे हक्क विकत घ्या, नव्यानं काढा, पैसे घ्या, घ्याच, पण मूळ गेम विक्रीला राहिली पाहिजे. आणि मूळ विकायचीच नसेल तर जो जपायला तयार आहे त्याच्या हातात बेड्या घालू नका.

ह्याच्या उलट बाजूला पण उदाहरणं आहेत, नाहीत असं नाही. क्वेक २०२१ ला नवीन रूपात आली, ज्यांच्याकडं आधीपासून होती त्यांना फुकट, आणि मूळ १९९६ ची पण तशीच ठेवलेली. २०२४ च्या फेब्रुवारीत टूम्ब रेडरच्या पहिल्या तिन्ही आल्या, त्यात एक बटण दाबलं की नवं चित्र, परत दाबलं की १९९६ चं. भाच्याला ते इतकं आवडलं की तो खेळायचं सोडून नुसतं बटणच दाबत बसला, भिंत गुळगुळीत, भिंत चौकोनी, भिंत गुळगुळीत, भिंत चौकोनी. त्या गेममध्ये वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचं जे चित्रण आहे ते आज बघवत नाही, तर बनवणाऱ्यांनी ते कापलं नाही, सुरुवातीला सूचना टाकली की बाबांनो हे असं आहे आणि आम्हाला ते पटत नाही. मला हे फार आवडलं.

आणि एज ऑफ एम्पायर्स टू. १९९९ ची गेम, बनवणारा एन्सेम्बल स्टुडिओ २००९ च्या जानेवारीत बंद झाला. विषय संपायला पाहिजे होता. पण काही खेळणाऱ्यांनी घरबसल्या स्वतःच त्यात नवीन राज्यं घालून एक मोड बनवला, मायक्रोसॉफ्टनं त्या पोरांवर केस टाकायच्या ऐवजी त्यांनाच काम दिलं, २०१३ ला एचडी, २०१९ ला नवीन आवृत्ती, २०२२ ला तर भारतावरच एक अख्खा भाग, आधी 'इंडियन्स' म्हणून एकच खिचडी होती तिचे बंगाली, द्राविड, गुर्जर, हिंदुस्तानी असे वेगवेगळे केले. (मराठे नाहीत, त्यावर वेगळा लेख होईल आणि तो फार संतापून लिहिलेला असेल.)

मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलाय का कधी? आमच्या आजीचा तानपुरा होता, तिच्यानंतर वीस वर्षं गवसणीत पडून. बहीण गाणं शिकायला लागली तेव्हा तो घेऊन गेलो. आवाज बसलेला, तार छेडली की नुसतं ठण्ण, गुंजच नाही. मी म्हटलं चाचा, नवीनच करून टाका काय ते. चाचांनी वर बघितलं पण नाही. म्हणाले, "भोपळ्याला हात लावायचा नाय, आवाज त्यात हाय. जवारी गेलीय फक्त." मग दोन तास ते घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत बसले; त्या पट्टीचा नेमका घाट म्हणजे जवारी. कानस एकदा घासायची, तार चढवायची, खाली दोऱ्याचा धागा सरकवायचा, ऐकायचं, मान हलवायची, तार उतरवायची, परत घासायचं. इतकं कमी घासायचे की मला वाटलं नुसतं दाखवायला करतायत. आणि मग एकदा छेडली तर पूर्ण गल्लीभर तो झंकार. भोपळा तोच, दांडी तीच, आजीच्या हाताची झिलई पण तशीच.

गेमची जवारी काढणारे लोक पण आहेत जगात. नाइटडाइव्ह नावाचा स्टुडिओ आहे त्याची गोष्ट अशी. स्टीफन किक नावाचा गेम-आर्टिस्ट नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता, प्रवासात सिस्टीम शॉक टू खेळावी वाटली, १९९९ ची गेम, लॅपटॉपवर चालेना. विकत घ्यावी तर कुठं विकायलाच नाही. मग हा शोधत बसला की हिचा मालक कोण. बनवणारी लुकिंग ग्लास कंपनी २००० साली बुडालेली, आणि हक्क जाऊन पडले होते एका इन्शुरन्स कंपनीकडं! विमा उतरवणारे लोक, त्यांच्या फायलीत ही गेम. त्यांना काय करायचं तिचं हे सुचलेलं नव्हतं एवढंच, आडमुठेपणा नव्हता काही. ह्यानं संपर्क साधला, करार झाला, २०१३ ला गेम जीओजी ह्या ऑनलाइन दुकानात परत आली. पुढं त्यानं पहिल्या सिस्टीम शॉकचा पूर्ण नवा रीमेक केला, २०१६ ला लोकांकडून पैसे गोळा केले आणि गेम आली २०२३ ला, सात वर्षं. आणि जुनी? जुनी पण विकत मिळते. दोन्ही.

पण त्याच माणसाला दुसऱ्या एका गेमनं दमवलं. नो वन लिव्हज फॉरएव्हर, २००० ची. तिचे हक्क वॉर्नर, ॲक्टिव्हिजन आणि फॉक्स ह्या तिघांत कुठंतरी अडकलेले. सातबाऱ्यावर बारा नावं आणि प्रत्येक वारस म्हणतो बांध दुसऱ्याचा असेल, पण तू नांगर घातलास तर मी कोर्टात जाणार. कुणी कागद शोधायला तयार नाही, कारण शोधायचा खर्च हा कमाईपेक्षा जास्त. तर ती गेम आजपण पडीक.

इथं मला कूळकायदा आठवतो. आमच्या आजोबांच्या पिढीतलं वाक्य, कसेल त्याची जमीन. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली. आणि योगायोग बघा, आपला कॉपीराइट कायदा पण १९५७ चाच. एका कायद्यानं सांगितलं की नुसतं नावावर असून चालणार नाही, कसायला पाहिजे. दुसऱ्यात मात्र नावावर आहे तेवढं पुरे, पडीक ठेवा नाहीतर काय वाटेल ते करा. पूर्ण खरं नाही हे, कायद्यात कलम ३१ आहे, मालक परत प्रकाशित करायला नकार देत असेल आणि त्यामुळं लोकांना ती कृती मिळत नसेल तर दुसऱ्याला सक्तीचं लायसन्स देता येतं. ३१ अ पण आहे, मालक सापडतच नसेल तर. कागदावर छानच आहे. पण १९९९ च्या गेमसाठी वकील लावून, मोबदला ठरवून घेऊन भांडणार कोण? माझा भाचा? आणि अमेरिकेत कंपनीच्या कामाचा कॉपीराइट प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २००२ ची व्हाईस सिटी मोकळी होणार २०९७ संपल्यावर. मी तेव्हा ११० च्या घरात असेन. सीडीचं तर विचारूच नका.

आकडा पण बघा एक. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन म्हणून अमेरिकेत संस्था आहे, त्यांनी २०२३ ला मोजलं, तिथं २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ विकत मिळत नाहीत. शंभरातल्या तेरा मिळतात. त्या तेरा म्हणजे मारिओ आणि मंडळी असणार, ज्यांना तसाही धोका नव्हता. बाकीच्यांचं काय? संशोधकांना लायब्ररीतून घरी बसून जुन्या गेम बघायला मिळाव्यात म्हणून तिथं परवानगी मागितली होती, २०२४ च्या ऑक्टोबरात तिथल्या कॉपीराइट ऑफिसनं नाकारली. लोक मजेसाठी खेळतील अशी भीती. अरे मग कादंबरी लायब्ररीतून लोक काय दुःखासाठी नेतात का?

आता मोठ्या खरेदीदारांकडं येऊ. स्वीडनची एम्ब्रेसर कंपनी, हिनं काही वर्षं असा सपाटा लावला होता की विचारू नका. २०२२ ला तीस कोटी डॉलरला टूम्ब रेडर, ड्यूस एक्स, थीफ असलं सगळं स्टुडिओसकट उचललं. मग २०२३ च्या मे मध्ये दोन अब्ज डॉलरचा एक करार मोडला आणि झालं, कपात, विक्री, आणि ऑगस्टमध्ये व्होलिशन हा १९९३ पासूनचा स्टुडिओ बंद. आता त्याच एम्ब्रेसरच्या हाताखालच्या लोकांनी ते बटणवालं टूम्ब रेडर काढलं, हे पण खरं. म्हणजे चांगला मालक की वाईट मालक ह्या प्रश्नाला अर्थ नाही, मालक वर्षभरात दोन्ही असू शकतो. अटारीचं तर अजून मजेशीर. आजची अटारी म्हणजे सत्तरच्या दशकातली अटारी नव्हेच, एका फ्रेंच कंपनीनं नाव घेतलं आणि लावलं. आपल्याकडं भडंगाच्या दुकानावर 'आमची कोठेही शाखा नाही' लिहितात ना, तसं त्यांनी 'आम्ही मूळ नव्हे' लिहायला पाहिजे खरं. पण ह्या अटारीनं २०२३ ला नाइटडाइव्ह घेतलं, डिजिटल इक्लिप्स घेतलं, हे दोन्ही जवारीवाले स्टुडिओ, आणि आतापर्यंत तरी त्यांना नीट काम करू दिलंय. मी काय अटारीचा भक्त नाही. उद्या ही पण विकली जाईल. म्हणून तर मालकाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवून चालत नाही.

कंपन्यांच्या बाजूनं बोलायचं तर त्यांची पण रड खरी आहे. कितीतरी वेळा त्यांच्याकडंच मूळ सामान नसतं. २०१२ ला सायलेंट हिल गेमची एचडी आवृत्ती आली ती बेकार का, तर कोनामी ह्या तिच्या कंपनीकडं पूर्ण झालेल्या गेमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रामच, नव्हता, अर्धवट काम चालू असतानाचा कोड दिला बनवायला. लग्नाचा अल्बम हरवला म्हणून साखरपुड्याच्या फोटोवरून परत बनवल्यासारखं. प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ कोड पण असाच हरवलेला. १९८९ ची गेम, आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काळ्या-हिरव्या मॉनिटरवर होती, तासाला सरांची पाठ फिरली की प्रिन्स सुरू. जॉर्डन मेकनर म्हणजे जो बनवणारा, त्याच्या वडिलांना २०१२ ला कपाटात मागं एक खोका सापडला, त्यात फ्लॉप्या. त्यानं जाणकारांकडून त्या वाचून घेतल्या आणि कोड सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवून दिला. कंपनीनं नाही जपलं, बापाच्या कपाटानं जपलं. मला हे वाचलं तेव्हा आमचा बुटाचा खोका आठवला आणि उगाच भरून आलं.

त्याच प्रिन्सच्या सँड्स ऑफ टाइमचा रीमेक २०२० ला जाहीर झाला, आणि काम कुणाकडं, तर युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडं! आमच्या ग्रुपवर तर फटाके वाजले, आपली पोरं बनवणार म्हणून. ट्रेलर आला, लोकांना चित्र आवडलं नाही, तारीख पुढं, परत पुढं, २०२२ ला काम मॉन्ट्रियलला नेलं आणि २०२६ च्या जानेवारीत रद्दच केलं. पण एक लक्षात घ्या, २००३ ची मूळ सँड्स ऑफ टाइम विक्रीतून काढलेली नव्हती. रीमेक गेला, गेम राहिली. व्हाईस सिटीसारखं आधीच उचललं असतं तर तेलही गेलं तूपही गेलं.

आता येतो आमच्या पायरसीकडं, कारण कुणीतरी म्हणणारच, आयुष्यभर ५० रुपयाच्या सीडीवर खेळलास आणि आता हक्काच्या गोष्टी करतोस. बरोबर आहे. लाज वाटते? थोडी वाटते. तेव्हा सांगलीत ओरिजिनल मिळायची कुठं, आणि मिळाली तरी वडिलांच्या पगारात बसणारी नव्हती. पण त्या ३१ मधली एक ओरिजिनल होती, मामानं पुण्याहून आणलेली रेसिंग गेम, डबा, पुस्तिका, होलोग्राम, सगळं. पुरानंतर यूएसबीचा सीडी ड्राइव्ह घेतला आणि एकेक घालून बघितली. १९ वाचल्या गेल्या. ओरिजिनल पण वाचली, इन्स्टॉल पण झाली, फक्त सुरू होईना, कारण तिच्यावर कॉपी होऊ नये म्हणून कुलूप होतं आणि असली जुनी कुलपं आताच्या कॉम्प्युटरवर चालत नाहीत. त्या काळातलं सेफडिस्क नावाचं कुलूप तर विंडोज १० पासून सुरक्षेच्या कारणानं बंदच केलेलं आहे, आणि कारण खरं होतं, त्यातून व्हायरस शिरायचा धोका होता. तर झालं काय, चोरीच्या बऱ्याच गेम चालल्या आणि पैसे देऊन घेतलेली एकमेव गेम चालली नाही.

हे फक्त माझ्याच बाबतीत नाही. २००८ ला युबिसॉफ्टनंच रेनबो सिक्स व्हेगास टूसाठी एक अधिकृत फाइल दिली, डिस्क न घालता गेम चालावी म्हणून, आणि लोकांनी उघडून बघितली तर ती एका पायरेट टोळीनं बनवलेली क्रॅक, म्हणजे कुलूप तोडणारी फाइल होती. चोराकडूनच किल्ली घेऊन मालकानं घर उघडलं. मी पायरसीचं समर्थन करत नाही, आज मी गेम विकत घेतो, सेलमध्ये घेतो पण घेतो. म्हणणं एवढंच की जपायचं काम ज्यांनी केलं त्यांना चोर म्हणायचं असेल तर मग मालकानं ते काम स्वतः करून दाखवावं.

युरोपात लोक ह्याच्यासाठी रस्त्यावर आले म्हणायला हरकत नाही. २०२४ च्या ३१ मार्चला द क्रू नावाच्या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद झाले, आणि ती एकट्यानं खेळायला पण इंटरनेट लागायचं, त्यामुळं पैसे देऊन घेतलेली गेम शून्य झाली. त्यावरून रॉस स्कॉट ह्या यूट्यूबवाल्यानं मोहीम काढली आणि २०२५ च्या जुलैत युरोपियन युनियनकडच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात तर कायदाच केला, २०२५ पासून, की तुम्ही फक्त परवाना विकताय तर 'विकत घ्या' लिहिताना ते स्पष्ट सांगा. आपल्याकडं गेमिंग म्हटलं की चर्चा रमीची. विधिमंडळात रमी, टीव्हीवर रमी, कायदा केला तो पण पैशाच्या गेमचा. राज्यानं ॲनिमेशन-गेमिंगचं धोरण आणलंय, स्टुडिओ यावेत, नोकऱ्या याव्यात, चांगलंच आहे. पण पुण्यात १९६४ पासून चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, मग पुण्याचीच पोरं जी गेम बनवतात ती ठेवायला एक खोली का नसावी? फाळक्यांचा पहिला पिक्चर पूर्ण राहिला नाही, तुकडे राहिले, पण पुढं निदान संग्रहालय तरी झालं. गेमचे तर तुकडे पण राहत नाहीत, सर्व्हर बंद केला की संपलं.

आमच्या पुरात नगर वाचनालयातली पुस्तकं पण भिजली होती, लोक हळहळले, पेपरात फोटो आले. पण त्यातली बरीचशी पुस्तकं दुसऱ्या कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी माळ्यावर असतीलच. छापील वस्तूचं हे बरं असतं, ती मालकाला न विचारता पसरते.

म्हणून गेल्या महिन्यात एक खुळचटपणा केला. ती ओरिजिनल रेसिंग गेम, डब्यासकट, आमच्या इथल्या एका छोट्या वाचनालयात घेऊन गेलो, देणगी म्हणून. ग्रंथपाल बाई ओळखीच्या, त्यांनी डबा उलटा करून बघितला, उघडून बघितला, म्हणाल्या ठेवायला काय, ठेवू, एक कप्पा रिकामा आहे. दाखल रजिस्टर काढलं, पट्टीनं रेघ मारली. नाव लिहिलं, साल लिहिलं, किंमत डब्यावरची लिहिली. मग विचारलं, "प्रकाशक?" मी डब्यावरचं नाव वाचून दाखवलं. आणि मग राहवलं नाही म्हणून सांगितलं की मॅडम ही कंपनी बंद झालीय, नाव दुसऱ्यानं घेतलं, त्याच्याकडून तिसऱ्यानं.

बाईंनी पेन खाली ठेवलं, ड्रॉवरमधून पेन्सिल काढली.